वर्दी उतरल्यावर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा मेळावा समितीचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही. शाळेच्या आठवणी आपल्यापैकी बरेच जण लिहिणार, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितात. मी आयुष्यभर दोनच प्रकारचं लेखन केलं. पलटणीत असताना घरी पत्रं लिहिली आणि तलाठी झाल्यावर पंचनामे. पण एक गृहपाठ माझ्याकडून राहून गेला आहे. सर मेळाव्याला येणार असल्याचं कळलं, म्हणून तो आता पूर्ण करून देतो.

नववीत असताना इतिहासाच्या सरांनी आपल्या वर्गाला फर्दापूरहून लेण्यांपर्यंत पायी नेलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. वाघूर नदीच्या वळणाशी, सावलीत बसून आपण भाकरी सोडली. कोणीतरी सरांना विचारलं, "सर, तो गिलसाहेब इथंच राहायचा का?" आपल्या भागात रॉबर्ट गिल हे नाव पोरासोरांनाही ठाऊक. पण आपल्याला ठाऊक होती ती त्याची आणि पारोची गोष्ट. सरांनी त्या दिवशी दुसरी गोष्ट सांगितली.

गिल हा मद्रास फौजेतला अधिकारी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली कंपनी सरकारने त्याला नेमलं. तो कॅप्टन म्हणून आला आणि पुढे मेजर झाला. वर अजिंठा गावातल्या बारादरीत त्याचा मुक्काम असे. अंधाऱ्या लेण्यांत उभं राहून त्याने वर्षानुवर्षं मोठमोठी तैलचित्रं रंगवली आणि ती विलायतेला पाठवली. १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. तिथं मांडलेली त्याची चित्रं जळून गेली, मोजकीच वाचली. पारो १८५६ साली वारली, तिची कबर अजिंठ्यात आहे. गिल १८७९ साली गेला, त्याची कबर भुसावळला आहे.

एवढं सांगून सरांनी विचारलं, "सरकारने शिपायाकडून शिपाईगिरी काढून घेतली आणि दुसरंच काम दिलं, तर तो शिपाई राहतो का रे?" कोणी काही बोललं नाही. मागून एकाने "पगार कोण देतं त्यावर आहे सर" असं म्हणून सगळ्यांना हसवलं. सर म्हणाले, "घरून विचार करून या." दुसऱ्या दिवशी भूमितीची चाचणी होती. तो प्रश्न तिथंच राहिला.

मित्रांनो, माझ्यापुरता तो प्रश्न पुढे खरा ठरला. १९८१ साली मी मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो. बेळगावला प्रशिक्षण झालं आणि सतरा वर्षांनी हवालदार म्हणून घरी आलो. वय पस्तीस. दोन मुलं शाळेत, आणि कोरडवाहू जमिनीत माझा वाटा पाऊण एकर. महाराष्ट्रात माजी सैनिकांसाठी वर्ग तीन आणि चारच्या पदांत १५ टक्के जागा राखीव असतात. त्यातून परीक्षा देऊन मी तलाठी झालो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. म्हणजे सतरा वर्षं शिपाईगिरी आणि बावीस वर्षं सातबारा. या दोन आयुष्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला बरीच वर्षं उमगत नव्हतं. ते उमगलं एका मोठ्या माणसाची हकिगत वाचून. तो माणूस माझ्या दर्जाचा नव्हता. मी हवालदार आणि ते लेफ्टनंट जनरल. पण वाट तीच होती : आधी फौज, मग सरकार.

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजी कोल्हापूर भागातल्या वडगावचा. हिंदी मुलांना सँडहर्स्टच्या विलायती लष्करी विद्यालयात मोजक्याच जागा मिळत, त्या काळात ते तिथून शिकून १९२६ साली अधिकारी झाले. १४ पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत त्यांनी सुरुवात केली. पुढे पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले अयूब खान हेही त्याच पलटणीचे.

दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४५ मध्ये, ब्रह्मदेशातल्या आराकान किनाऱ्यावर कांगॉ इथं जपान्यांशी घनघोर लढाई झाली. ५१ व्या ब्रिगेडमध्ये तीन पलटणी होत्या, आणि तिन्हींचे प्रमुख हिंदी होते. एका पलटणीवर थिमय्या, दुसरीवर एल. पी. सेन आणि तिसरीवर, म्हणजे २ पंजाबच्या दुसऱ्या पलटणीवर, आपले थोरात. हिंदी अधिकारी लढाईत पलटण चालवू शकतो की नाही, याबद्दल तेव्हाच्या गोऱ्या साहेबांना शंका असे. थोरातांच्या पलटणीने 'मेलरोज' नावाची टेकडी संगिनींनी घेतली. तिन्ही प्रमुखांना डी.एस.ओ. हे शौर्यपदक मिळालं. शंका घेणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर द्यायची गरज उरली नाही.

पण थोरातांची खरी ओळख मला पटली ती कोरियाच्या प्रसंगात. १९५३ साली कोरियाचं युद्ध थांबलं तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे सुमारे २२,६०० चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी असे होते, की ज्यांना मायदेशी परत जायचं नव्हतं. निदान तसं सांगितलं जात होतं. खरं काय ते ठरवायला पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला. आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या पाच-सहा हजारांच्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय शिपायाचे पाय आपल्या भूमीला लागू देणार नाही असं जाहीर केलं होतं. म्हणून जहाजांवरून उतरलेली आपली माणसं हेलिकॉप्टरने थेट सीमेवरच्या लष्करमुक्त पट्ट्यात न्यावी लागली.

काम विचित्र होतं. समोरचा माणूस शत्रू नाही, गुन्हेगारही नाही. त्याला मारायचं नाही, पळू द्यायचं नाही आणि त्याचं मन काय म्हणतं ते त्याला धाकदपटशाशिवाय सांगू द्यायचं. सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या आपल्या अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरलं. बाहेर भारतीय जवान सज्ज उभे होते. गोळीबार झाला असता तर ग्रेवाल तर गेलेच असते, शिवाय सगळा करार मोडला असता. थोरात हत्यार न घेता, मोजक्या माणसांसह त्या जमावात गेले, कैद्यांच्या म्होरक्यांशी बोलले आणि ग्रेवालांना घेऊन बाहेर आले. सगळेच प्रसंग असे गोड संपले नाहीत. पुढे दुसऱ्या वेळी गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेलेही. पण त्या दिवशी गोळी सुटली नाही. त्या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळालं. आज त्याच पदकाला आपण कीर्तिचक्र म्हणतो.

सर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथं मिळालं. थोरात तेव्हा वर्दीत होते, पण काम शिपायाचं नव्हतं. ते पंचाचं होतं. पंच होताना त्यांना शिपाईपण सोडावं लागलं नाही. ते होतं म्हणून त्यांना निःशस्त्र आत जाता आलं.

उरलेलं अर्धं उत्तर जरा कडू आहे.

१९५७ साली थोरात ईस्टर्न कमांडचे प्रमुख झाले. मुख्यालय तेव्हा लखनऊला होतं. ईशान्येची सीमा, म्हणजे नेफा, आजचा अरुणाचल प्रदेश, त्यांच्या हद्दीत आली. ऑगस्ट १९५९ मध्ये लाँगजू इथं चिनी फौजेने आपली चौकी घेतली. त्यानंतर ऑक्टोबरात थोरातांनी एक सविस्तर टिपण तयार केलं. त्यातली मांडणी साध्या शब्दांत अशी : चीनकडून हल्ला होऊ शकतो. आज आपल्याकडे तिथं जेवढी फौज आणि जेवढे रस्ते आहेत त्यांवर आपण सीमा राखू शकत नाही. म्हणून ऐन सीमेवर थोड्या चौक्या ठेवाव्यात आणि मुख्य बचाव मागे, जिथं आपली रसद पोचते आणि शत्रूची ताणली जाते अशा जागी उभारावा. त्यासाठी इतकी माणसं आणि इतकी सामग्री लागेल.

तेव्हा थिमय्या लष्करप्रमुख होते. त्यांना टिपण पटलं. त्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवलं. मेनन यांना ती भीती अनाठायी वाटली. थोरात तेवढ्यावर थांबले नाहीत. १७ मार्च १९६० रोजी लखनऊला त्यांनी 'लाल किला' नावाची युद्धकसरत घेतली. नकाशावर, आकड्यांनिशी, हल्ला झाला तर कोणत्या दिवशी कुठवर येईल हे वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे मांडलं. त्यातून निघालेला निष्कर्षही फाइलीत गेला.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांची शिफारस थोरातांसाठी होती. सरकारने जनरल थापर यांना नेमलं. तो सरकारचा अधिकार होता. लोकशाहीत सेनापती कोण, हे सेना ठरवत नाही आणि ते तसंच असलं पाहिजे. पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर थोरात त्याच महिन्यात निवृत्त झाले. दीड वर्षाने, २० ऑक्टोबर १९६२ ला, चीनने हल्ला केला. महिनाभरात बोमडिलाही पडलं. मेनन यांना पद सोडावं लागलं, थापर यांनी राजीनामा दिला. आणि आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्या वेळी हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं घराघरांत बोललं गेलं.

थोरातांनी 'फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट' या आत्मचरित्रात लिहिलं आहे, की युद्धानंतर पंतप्रधान नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं. ते टिपण आपल्यापर्यंत पोचलंच नव्हतं, असं तेव्हा निघालं. हे पुस्तक १९८६ सालचं. मला ते जिल्ह्याच्या ग्रंथालयात मिळालं. इंग्रजी अवघड गेलं. मुलीला शेजारी बसवून वाचलं. हे पान वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटवलं आणि बाहेर जाऊन बसलो.

का ते सांगतो. तलाठी म्हणून माझ्या सजात एक वस्ती होती, नाल्याच्या पोटात वसलेली. दोन पावसाळे मी पाण्याची खूण पाहिली, ओट्यांची उंची मोजली, घरं आणि माणसं मोजली. तिसऱ्या उन्हाळ्यात अहवाल लिहिला : वस्ती हलवावी, निदान नाल्याचं तोंड मोकळं करावं. कागद वरच्या कचेरीत दिला, पोच घेतली. कचेरीत कागदाला आवक क्रमांक मिळतोच. तो वाचला जाईलच असं मात्र कोणी लिहून देत नाही. श्रावणात एका रात्री पाणी आलं. आम्ही दोघा-तिघांनी दारं ठोठावून माणसं बाहेर काढली, म्हणून जीवितहानी झाली नाही. पण दोन बैल गेले, वर्षाचं धान्य गेलं, एका म्हातारीचं घर गेलं. दुसऱ्या दिवशी पंचनामा करायला मलाच पाठवलं. ती म्हातारी मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही तर आधीच मोजून नेलं व्हतं." तिचं बोलणं रागाचं नव्हतं, म्हणूनच ते अजून ऐकू येतं.

माझा नाला आणि नेफा यांची बरोबरी मी करत नाही. पण खरं सांगितलेला कागद बस्त्यात पडून राहतो तेव्हा पोटात काय होतं, ते हवालदाराला आणि जनरलला सारखंच होत असावं. त्यानंतर माणूस दोन वाटांनी जातो. एक तर तो नोकरीभर कुढत राहतो, "मी सांगितलं होतं" म्हणत. मी वर्षभर तेच केलं. घरच्यांना विचारा.

थोरातांनी काय केलं? निवृत्तीनंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. १ मे १९६० ला राज्य झालं, तेव्हाचा हा नवा आयोग. नव्या राज्याला नवे अधिकारी हवे होते, आणि अशा वेळी प्रत्येक खुर्चीमागे कोणाचा तरी भाचा उभा असतो. आयोगाचं काम साधं वाटतं : परीक्षा घ्या, मुलाखती घ्या, लायक माणसांची शिफारस करा. पण संविधान लिहिणाऱ्यांनी हे काम कोणाच्या दबावाखाली होऊ नये म्हणून फार काळजी घेतली आहे. अध्यक्षाला नेमतात राज्यपाल, पण गैरवर्तनासाठी काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाकडून चौकशी होऊन राष्ट्रपतींनाच काढता येतं. आयोगाचा खर्च राज्याच्या एकत्रित निधीतून होतो. आणि अध्यक्षपद सोडल्यावर, दुसऱ्या लोकसेवा आयोगावरची नेमणूक वगळता, त्याला सरकारी नोकरी घेता येत नाही. म्हणजे पुढच्या आशेने आज कोणाला खूश करायची सोयच ठेवलेली नाही. मुदत सहा वर्षांची, आणि राज्य आयोगात तेव्हा साठीपर्यंतच.

आयोगाची सगळी कलमं मी निवृत्तीनंतर, मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता तेव्हा त्याच्या पुस्तकात वाचली. ३२३ व्या कलमावर मी थांबलो. आयोगाने दरवर्षी आपला अहवाल राज्यपालांना द्यायचा. आयोगाचा सल्ला सरकारला डावलता येतो. पण ज्या प्रकरणांत डावलला, त्यांत तो का डावलला याची कारणं लेखी देऊन ती विधिमंडळापुढे ठेवावी लागतात.

मित्रांनो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. ज्या माणसाच्या सल्ल्याचा कागद देशाच्या सीमेबद्दल असूनही एका टेबलाच्या पुढे गेला नाही, आणि तो का थांबवला हे कोणाला सांगावंही लागलं नाही, तो माणूस पुढे अशा खुर्चीवर बसला, की जिथला सल्ला नाकारायचा तर सरकारला कारण द्यावं लागतं. हे त्यांनी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. योगायोगच असेल. पण मला त्यात धीर मिळाला.

थोरातांचा नकाशा मानला असता तर १९६२ चा निकाल बदललाच असता, असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रस्ते एका वर्षात होत नाहीत, आणि भूभाग सोडून मागे लढायचं हे कुठल्याही सरकारला संसदेत सांगणं अवघड. माझ्या अहवालावर नाला मोकळा केला असता तरी त्या रात्रीचा पाऊस पाऊसच होता. पण सांगणाऱ्याने आकड्यांनिशी सांगावं आणि ऐकणाऱ्याने नाही म्हणताना कारण द्यावं, एवढी तरी शिस्त हवी. फौजेत आम्हाला हेच शिकवलं होतं. हुकूम झाला की पाळायचा. पण हुकूम होण्याआधी विचारलं तर खरं सांगायचं, साहेबाला आवडो न आवडो.

युद्धाच्या काळात राष्ट्रीय संरक्षण परिषद नेमली गेली, तेव्हा थोरातांनाही बोलावणं आलं, आणि ते गेले. 'आता कशाला विचारता' असं म्हणून घरी बसले नाहीत. हे वाचल्यावर मी माझं कुढणं सोडलं. त्या वस्तीचा जुना अहवाल काढला, पंचनाम्याचे आकडे जोडले, फोटो जोडले आणि पुन्हा दिला. मग ग्रामसभेत ठराव करून घेतला आणि तोही पाठवला. चार वर्षं गेली. पण नाल्याला संरक्षक भिंत झाली आणि सात घरांना वरच्या गायरानात जागा मिळाली. त्या म्हातारीच्या नव्या घराची नोंद मी माझ्या हाताने घेतली. निवृत्त होताना साहेबांनी शाल-नारळ दिला, फोटो निघाला. पण माझ्या मते माझा सत्कार त्या नोंदीच्या दिवशीच झाला होता.

जनरल थोरात १९९२ साली गेले. तेव्हा मी पलटणीत होतो, आणि मला त्यांचं नावही नीट माहीत नव्हतं. आपल्या पोरांना तरी ते माहीत असावं, म्हणून हा लेख. आपल्या गावची पोरं आजही भरतीसाठी पहाटे टी-पॉइंटच्या रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांतली काही पंधरा-सतरा वर्षांनी परत येतील आणि कुठल्या तरी कचेरीत, बँकेच्या दारात, शाळेच्या फाटकात उभी राहतील. वर्गमित्रांनो, तुमच्यापैकी जे अधिकारी झाले, संस्थाचालक झाले, त्यांना एक विनंती. अशा माणसाला फक्त फाटकावर उभं करू नका. त्याला कधीतरी आत बोलावून विचारा, की तुला काय दिसतं. तो खरं सांगेल.

आणि सर, आता गृहपाठ. गिलसाहेबाची चित्रं जळाली. तरी ती खबर कळल्यावरही तो विलायतेला परत गेला नाही. अखेरपर्यंत याच मुलखात राहिला. थोरातांचा कागद अडला, तरी ते पुढच्या कामाला लागले. सरकारने शिपायाला दुसरं काम दिलं तर तो शिपाई राहतो का, असं तुम्ही विचारलं होतं. माझं उत्तर असं, की राहतो, दिलेलं काम पहाऱ्यासारखं केलं तर. पहाऱ्यावर माणूस जे दिसेल ते सांगतो, कोणी झोपलेलं असलं तरी पुन्हा हाक मारतो, आणि बदली येईपर्यंत जागा सोडत नाही.

उशीर झाल्याबद्दल क्षमा असावी. गुण किती द्यायचे ते मेळाव्यात सांगा.